वाचकांचे प्रश्न : जुन्या जमीन-कागदांतून घराण्याचा माग

जमिनीची जुनी दप्तरे, मृत्युपत्रे आणि कोर्टाचे कागद यांवरून वंशावळ कशी लावावी, याविषयी आलेल्या प्रश्नांना या वेळी उत्तरे देत आहोत. पत्रे लांब होती, त्यांतला मुद्दा तेवढा घेतला आहे.

प्रश्न (वाई) : घरात आजच्या सातबाऱ्याची प्रत आहे आणि पणजोबांचे नाव ठाऊक आहे. त्यांच्या मागे कसे जायचे? तलाठी म्हणतात, जुने काही शिल्लक नाही.

तलाठ्याकडे जुने नसणारच. जुनी पुस्तके तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात जमा होतात. मोजणीचे कागद त्याच तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात असतात. ही दोन दप्तरे वेगळी, त्यांचे अर्जही वेगळे. एका ठिकाणी ‘नाही’ म्हटले म्हणून दुसरीकडे जायचे सोडू नका.

हातातल्या सातबाऱ्यापासूनच निघा. कब्जेदाराच्या नावाशेजारी गोलात किंवा कंसात आकडे असतात. ते फेरफार क्रमांक. प्रत्येक गावाचे फेरफार गाव नमुना ६ मध्ये ओळीने लिहिलेले असतात, आणि नाव का चढले हे त्या नोंदीत सांगितलेले असते : वारसाने, वाटणीने, खरेदीने की कोर्टाच्या हुकमाने. त्या फेरफारात आधीच्या खातेदाराचे नाव मिळते. मग त्याच सर्वे नंबरचा त्याआधीचा हस्तलिखित सातबारा काढायचा, त्यावरचे फेरफार क्रमांक उतरवायचे आणि पुन्हा मागे जायचे. जुन्या उताऱ्यांत कमी झालेले नाव खोडत नसत, त्याला कंस करत. कंसातली नावे म्हणजेच तुमची मागची पिढी. प्रत मागताना ती नावे सुटू देऊ नका.

मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी १९१३च्या कायद्यानंतर गावोगाव टप्प्याटप्प्याने पक्की झाली. त्यामुळे फेरफारांची साखळी बहुतेक ठिकाणी तिथपर्यंत जाते. त्याच्या मागे जायचे तर मोजणी खात्याचे कागद बघावे लागतात. ब्रिटिश पैमाशीला १८३६च्या सुमारास इंदापूर तालुक्यातून सुरुवात झाली आणि साधारण तीस वर्षांनी फेरमोजणी होत गेली. त्या वेळच्या शेतवार पत्रकात सर्वे नंबर, क्षेत्र, आकार (म्हणजे जमिनीचा सारा) आणि खातेदाराचे नाव असते. पणजोबांचे आजोबा तिथे भेटण्याची शक्यता बरीच असते.

अर्जात ‘आमच्या घराण्याचे सर्व कागद द्यावेत’ असे लिहिले तर तो निकाली निघतो, कारण दप्तर आडनावावर लावलेले नाही. गाव, सर्वे नंबर, हिस्सा, नमुन्याचे नाव आणि कालावधी लिहा. उदाहरणार्थ : ‘सर्वे नं. ४७/२, गाव नमुना ७/१२, सन १९३० ते १९६०’. त्या काळचा तालुका-जिल्हाही लिहा. सिंधुदुर्ग १९८१पर्यंत रत्नागिरीत होता, लातूर १९८२पर्यंत उस्मानाबादेत, आणि सांगली आधी दक्षिण सातारा होती. गाव औंध, फलटण, भोर, जत किंवा कोल्हापूर अशा संस्थानात असेल तर १९४८-४९पूर्वीचे कागद ब्रिटिश मुलखाच्या पद्धतीने लावलेले नसतात, हेही लक्षात ठेवा.

अर्ज करण्याआधी ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर बघा. स्कॅन केलेली जुनी पुस्तके तिथे जिल्हा, तालुका, गाव आणि अभिलेखाचा प्रकार निवडून शोधता येतात. सापडले तर फेरी वाचते. तिथे नसले म्हणजे कागदच नाही, असे मात्र समजू नका.

या सगळ्या शोधात धागा नंबराचा धरा. माणसाचे नाव कागदोकागदी बदलते. रामा, रामजी, रामचंद्र हा एकच गडी असू शकतो. आडनाव कधी असते, कधी नसते, कधी त्याच्या जागी नुसते ‘पाटील’ असते. जमीन मात्र जागची हलत नाही. नावावरून शोधणारे दोन पिढ्यांत अडकतात, नंबरावरून जाणारे पाच पिढ्या मागे जातात.

प्रश्न (बारामती) : फेरफाराच्या प्रती मिळाल्या, पण ‘बिन’, ‘कोम’, ‘अ.पा.क.’ असले शब्द कळत नाहीत. त्यावरून वंशावळ कशी काढायची?

‘बिन’ आणि ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा. ‘कोम’, ‘भ्रतार’ किंवा ‘मर्द’ यांच्यापुढे नवऱ्याचे नाव येते. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालन कर्ता (वयात न आलेल्याचा पालक), ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, आणि ‘ए.कु.पु.’ म्हणजे एकत्र कुटुंब पुढारी.

वारसाच्या फेरफाराचा साधारण नमुना असा असतो :

‘सर्वे नं. ४७ हि. २. खातेदार राणू बिन तुका हे सुमारे दोन वर्षांपूर्वी मयत. वारस : १) मुलगा बापू, वय ३०. २) मुलगा सखा, वय १२, अज्ञान, अ.पा.क. भाऊ बापू. ३) विधवा भागीरथी. पैकी बापू यांचे नाव ए.कु.मॅ. म्हणून दाखल केले.’

समजा नोंद १९२६ची आहे. मग राणू १९२४च्या आसपास वारला, बापूचा जन्म १८९६च्या सुमारास आणि सखाचा १९१४च्या. बापाचा बाप तुका, म्हणजे एका नोंदीत तीन पिढ्या. आता भावांतले १८ वर्षांचे अंतर बघा. मधल्या काळात मुली झाल्या असतील, मुले दगावली असतील किंवा राणूचे दुसरे लग्न झाले असेल. म्हणून भागीरथी ही बापूची आई होती, असे वंशावळीत लिहू नका. ती राणूची विधवा होती, एवढेच या कागदावरून म्हणता येते.

घोटाळा होतो तो शेवटच्या वाक्यामुळे. सातबाऱ्यावर पुढे एकट्या बापूचेच नाव चालते. फक्त सातबारे गोळा केले तर सखा आणि त्याची सगळी शाखा गायब होते. पुढे केव्हातरी ‘ए.कु.मॅ. कमी करून’ भावांची किंवा पुतण्यांची नावे लावल्याचा फेरफार असतो. तो शोधल्याशिवाय ही पायरी पुरी झाली असे समजू नका.

आणखी काही गोष्टी सांभाळा. फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे. वारस लावायला लोक दहा-वीस वर्षेही लावत, आणि कर्ज काढायची किंवा विक्रीची वेळ आली की धावाधाव करत. नोंदीखाली अधिकाऱ्याचा शेरा वाचा. ‘रद्द’ असेल तर त्या नोंदीवर काही उभे करू नका, ती का रद्द झाली तेवढे मात्र टिपून ठेवा. मुलींची नावे जुन्या वारस-नोंदींत बहुधा नसतातच. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानंतर ती दिसू लागतात, आणि तेव्हाही पुष्कळदा लगेच पुढच्या फेरफारात हक्कसोडपत्राने कमी होतात. कागदात मुलगी नाही यावरून घरात मुलगी नव्हती असे ठरवू नका. हक्कसोडीच्या फेरफारात तिचे सासरचे नाव आणि गाव मिळते. वंशावळीच्या कामात ती नोंद सोन्यासारखी जपावी.

नातवाला आजोबांचे नाव ठेवायच्या रिवाजामुळे तुका-राणू-तुका-राणू अशी माळ तयार होते. ‘राणू बिन तुका’ साठ-सत्तर वर्षांच्या अंतराने दोनदा आला तर ती दोन माणसे समजून चाला, आणि भावांच्या नावांवरून त्यांना वेगळे करा.

प्रश्न (शिरूर) : जुन्या उताऱ्यात नावांपुढे ‘०-५-४’, ‘०-२-८’ असे आकडे आहेत. ते पैसे आहेत का?

ते हिस्से आहेत. पूर्ण जमीन एक रुपया, म्हणजे १६ आणे, आणि एका आण्याचे १२ पै. चार आणे म्हणजे चौथा हिस्सा. पाच आणे चार पै म्हणजे तिसरा. दोन आणे आठ पै म्हणजे सहावा. एक आणा चार पै म्हणजे बारावा.

वंशावळ लावणाऱ्याला या आकड्यांइतका सच्चा साक्षीदार नाही. समजा एका नंबरात चार नावे आहेत : पहिल्याला आठ आणे, बाकी तिघांना प्रत्येकी दोन आणे आठ पै. तिघांची बेरीज आठ आणे होते. म्हणजे मूळ पुरुषाला बहुधा दोन मुलगे होते. एकाचा हिस्सा अखंड राहिला, दुसऱ्याचा त्याच्या तीन मुलांत वाटला गेला. कागदावर चौघे सख्खे भाऊ दिसत असले तरी हिशेब सांगतो की एक चुलता आहे आणि तिघे पुतणे. बेरीज १६ आणे भरत नसेल तर एखादा वारस नोंदीत सुटला आहे किंवा कोणी आपला हिस्सा विकला आहे. हिस्सा विकला असेल तर खरेदीचा फेरफार सापडायलाच हवा. तो सापडेपर्यंत झाडाची ती फांदी पेन्सिलीनेच काढा.

प्रश्न (राहुरी) : आमच्या उताऱ्यावर सर्वे नंबर नाही, गट नंबर आहे. मागे गेलो तर भलत्याच घराण्याची नावे लागतात.

तुमच्या गावात एकत्रीकरण योजना झाली आहे. १९४७च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्याखाली विखुरलेले तुकडे जोडून गट पाडले गेले. सगळ्या गावांत ती झाली नाही, पण जिथे झाली तिथे नंबर बदलले आणि पुष्कळांच्या जमिनींची अदलाबदलही झाली. आजचा गट ज्या जागेवर आहे, तिथला जुना सर्वे नंबर तुमच्या पणजोबांचाच होता असे नाही. योजनेत तो शेजाऱ्याकडून आलेला असू शकतो. जागा धरून मागे गेलात तर शेजाऱ्याच्या घरात शिरता, तसेच तुमचे झाले असावे.

भूमि अभिलेख कार्यालयातून योजनेचा ९(३) आणि ९(४)चा उतारा आणि जबाब मागवा. योजनेच्या आधी कोणत्या खातेदाराकडे कोणते सर्वे-हिस्से होते आणि त्यांच्या बदल्यात कोणता गट मिळाला, ते त्यात कळते. तिथून खातेदाराच्या जुन्या सर्वे नंबरवर जा.

पडताळा घ्यायला क्षेत्र कामी येते. ४० गुंठ्यांचा एकर आणि एक गुंठा म्हणजे जवळपास १.०१ आर. जुने ३ एकर २० गुंठे आज साधारण १ हेक्टर ४२ आर दिसतील. आकाराचे रुपये-आणेही जुळवून पाहा. क्षेत्र आणि आकार दोन्ही जुळले तर नंबर बरोबर आहे. पोटहिस्से पडले असतील तर आकारफोड पत्रक (साऱ्याची पोटहिश्शांत वाटणी) आणि गुणाकार बुक (मोजणीतल्या क्षेत्राचा हिशेब) बघावे लागते.

प्रश्न (परभणी) : मराठवाड्यातले जुने कागद उर्दूत आहेत, वर्षेही कळत नाहीत.

निजामाच्या राज्यातले साल फसली. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो : फसली १३४० म्हणजे १९३०-३१. हे वर्ष मधेच बदलते, म्हणून नेहमी जोडसाल लिहा.

मराठवाड्यात आधार धरायचे ते १९५४-५५चे खासरा पत्रक. त्याच्या पुढे पहाणी पत्रके आणि सातबारा, मागे सेतवार. निजामी पद्धतीत पट्टा एकाच्या नावे असे. तो पट्टेदार. बाकीचे हिस्सेदार शिकमीदार म्हणून येतात, आणि त्यांत सख्खे-चुलत भाऊ असतात. नुसत्या पट्टेदारांची यादी करणाऱ्याला अर्धे घराणे दिसत नाही. उर्दू छापील वाचता येणाऱ्याला कचेरीचा घसटा हात वाचता येईलच असे नाही, तेव्हा जुने दस्त वाचणाराच गाठा.

विदर्भातल्या वाचकांसाठी दोन ओळी : नागपूर भागात १९५१पर्यंत मालगुजारी होती (गावाचा सारा मालगुजार गोळा करून भरे), म्हणून तिथे मिसल बंदोबस्त आणि १९५४-५५ची अधिकार अभिलेख पंजी मागा. वऱ्हाडात रयतवारी होती, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरे. तिथली मांडणी मुंबई इलाख्याच्या जवळची आहे.

प्रश्न (गिरगाव) : पणजोबा मुंबईत वारले. शेती नव्हती, चाळीतली मालमत्ता होती. मृत्युपत्र केल्याचे घरात बोलले जाते. ते मिळेल का?

मिळण्याची आशा चांगली आहे. १८७०च्या हिंदू विल्स कायद्यापासून मुंबई शहरातल्या हिंदूंच्या मृत्युपत्रांना प्रोबेट (मृत्युपत्र खरे असल्याचा कोर्टाचा दाखला) घ्यावे लागू लागले, आणि १९२५च्या भारतीय वारसा कायद्यातही तो नियम होता. बाहेरच्या जिल्ह्यांत ही सक्ती नव्हती. म्हणून साताऱ्यातल्या श्रीमंत सावकाराचे मृत्युपत्र हरवते, आणि गिरगावातल्या कारकुनाचे हायकोर्टात सापडते.

मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत, प्रोथोनोटरी आणि सीनियर मास्टर यांच्या कार्यालयातल्या टेस्टामेंटरी विभागात शोध घ्यावा लागतो. मयताचे नाव आणि अर्जाचे साल लागते. मृत्यूच्या सालापासून सुरू करा, पण तिथेच थांबू नका. मालमत्ता विकायची वेळ येईपर्यंत लोक प्रोबेट घेत नसत, त्यामुळे अर्ज वीस वर्षांनंतरचाही असू शकतो. मधले नाव आणि आडनाव अशा दोन्ही बाजूंनी नाव बघा. इंग्रजी स्पेलिंग चारपाच तऱ्हांनी लिहून न्या. एकाच ‘गोखले’चे जुन्या कागदांत किती अवतार होतात, ते तिथे कळते.

प्रकरणात फक्त मृत्युपत्र नसते. अर्जात वारसांची नावे, वये, नाते आणि पत्ते असतात, मालमत्तेची यादी असते आणि इतर वारसांच्या संमती किंवा हरकती असतात. वंशावळीसाठी मृत्युपत्राइतकाच हा अर्ज मोलाचा, तेव्हा पूर्ण प्रकरणाची प्रत मागा. मृत्युपत्र नसेल तर लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशनच्या (मयताच्या मालमत्तेची व्यवस्था पाहण्याच्या कोर्टाच्या परवान्याच्या) अर्जात हीच माहिती असते.

मुंबईबाहेरच्यांनी जिल्ह्याच्या दिवाणी न्यायालयात १८२७च्या रेग्युलेशन ८ खालचा वारस दाखला किंवा उत्तराधिकार प्रमाणपत्राचे प्रकरण शोधावे. भाऊबंदकीत वाटपाचा दावा झाला असेल तर फारच उत्तम. दाव्याच्या पहिल्याच पानांवर वंशावळ काढलेली असते, कधी सात-सात पिढ्यांची. ती वादीची बाजू आहे एवढे विसरू नका. प्रतिवादीची कैफियत शेजारी ठेवून वाचा. दत्तक खरे की खोटे, दुसरी बायको लग्नाची की नाही, हे सगळे तिथे बाहेर येते. दाव्याचे सुटे कागद मुदतीनंतर नष्ट करतात, निकाल आणि हुकूमनामा जास्त काळ ठेवतात. म्हणून आधी निकालाची प्रत मागा.

प्रश्न (पुणे) : दुय्यम निबंधकाकडे जुना दस्त शोधायचा तर काय विचारायचे?

सूची क्रमांक १ नावांवर लावलेली असते, सूची क्रमांक २ मालमत्तेवर. नाव पक्के ठाऊक असेल तर पहिली, सर्वे नंबर ठाऊक असेल तर दुसरी. पुस्तक क्रमांक १ मधले, म्हणजे स्थावराचे, दस्त कोणालाही बघता येतात. मृत्युपत्रे पुस्तक ३ मध्ये असतात. करणारा हयात असेपर्यंत त्यांची नक्कल त्यालाच मिळते, तो वारल्यावर अर्ज करणाऱ्या कोणालाही. पुस्तक ४ मधल्या दस्तांची नक्कल फक्त संबंधितांना मिळते. जुन्या खरेदीखतात विकणारा आपला हक्क कुठून आला ते सांगतो : ‘आमचे वडिलार्जित’, ‘चुलत्यांच्या पश्चात आम्हांस आलेली’. ती दोन वाक्ये हाती लागावीत म्हणून अख्खा दस्त वाचा.

प्रश्न (सासवड) : आमच्याकडे पाटीलकी होती म्हणतात. मोडी कागदांचे एक गाठोडेही आहे. पेशवे दप्तरात काही मिळेल?

वतन असेल तर तुमचे काम इतरांपेक्षा सोपे आहे. १८७४च्या वतन कायद्याखाली वतनदारांची आणि वारसांची नोंद ठेवली गेली, आणि हक्कासाठी वंशावळी दाखल झाल्या. त्याआधी इनामांची तपासणी करणाऱ्या इनाम कमिशनपुढे लोकांनी सनदा आणि कैफियती मांडल्या. वतने बंद झाली तेव्हाही (परगणा-कुलकर्णी वतनांचा कायदा १९५०चा, कनिष्ठ गावकामगार वतनांचा १९५८चा, पाटीलकीचा १९६२चा) जमीन फेरप्रदान करताना वारसांच्या याद्या झाल्या. तहसील आणि प्रांत कार्यालयात त्या फायली मागा.

हे फक्त पाटील-कुलकर्ण्यांपुरते नाही. महार वतनाच्या कागदांत कुटुंबप्रमुखांची नावे आणि हिस्से येतात. ‘आमच्या घराण्याचे कुठे काही लिहिलेले नसणार’ असे धरून बसलेल्या घरांनी हे दप्तर अवश्य काढावे. रामोशी वतनाचेही तसेच.

त्याच्या मागचे, म्हणजे अठराव्या शतकातले, पुणे पुराभिलेखागारात. पेशवे दप्तरातले कोट्यवधी कागद रुमालांत बांधलेले आहेत. ते प्रांत, परगणा आणि विषयाने लावलेले आहेत, तेव्हा गाव त्या काळी कोणत्या परगण्यात होते ते आधी शोधून जा. कागदावर ‘सन इहिदे सबैन मया व अलफ’ असे दिसले तर ते शुहूर सन : एक, सत्तर, शंभर आणि हजार मिळून ११७१. त्यात ५९९ मिळवा, १७७०-७१ येते. हे वर्ष मृगापासून बदलते. शक असेल तर ७८ मिळवा.

गाठोड्यातले कागद उलगडण्याआधी जसे आहेत तसे फोटो काढा आणि क्रम लिहून ठेवा. घडीवर जोर देऊ नका, चिकटपट्टी लावू नका. मोडी वाचणाऱ्याकडून सारांश घेऊ नका, ओळीस ओळ लिप्यंतर घ्या आणि शंकास्पद अक्षरांखाली खूण करायला सांगा. मोडीत शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घ पाळलेले नसते, घाईच्या हातात दोन अक्षरे सारखीच दिसतात. सारांशात वाचणारा आपल्या अंदाजाने नाव बसवतो आणि ते कायमचे वंशावळीत शिरते. मूळ कागद न दाखवता थेट राजघराण्यापर्यंत तयार वंशावळ छापून देणारे लोकही आहेत. त्यांच्या कागदावर एक रुपयाही घालू नका.

प्रश्न (सोलापूर) : घराण्यात कधीच जमीन नव्हती. मग काय?

गावात घर असेलच. गावठाणाची नगर भूमापन मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रक आणि चौकशी नोंदवहीचा उतारा मागा. घर कोणाकडून कोणाकडे आले ते चौकशी नोंदवहीत असते. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीचा नमुना ८ बघा. कूळ म्हणून दुसऱ्याची जमीन कसत असतील तर नाव इतर हक्कांत किंवा पीकपाहणीत असते.

गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. ती तहसीलच्या अभिलेख कक्षात असते. जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव पुष्कळदा नसते, ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, बापाचे नाव, जात आणि तारीख एवढेच असते. म्हणून बापाच्या नावाने सलग पंधरा-वीस वर्षे बघा, म्हणजे भावंडांची रांग लागते. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नाव आणि जात मिळते, पण जन्मतारीख ‘१ जून’ असेल तर ती मास्तरांनी घातलेली समजा.

त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी, गया इथल्या क्षेत्रोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळ्या असतात, गाव आणि आडनावाप्रमाणे लावलेल्या. यात्रेला आलेला माणूस आपल्या हाताने वडील, आजोबा, भाऊ, मुलगे लिहून जात असे. जाताना मूळ गाव सांगा, आजचे शहर नको. दक्षिण महाराष्ट्रातल्या काही घराण्यांची नावे हेळव्यांकडे, म्हणजे वंशावळी सांगत फिरणाऱ्यांकडे, असतात. ही माहिती भरपूर मिळते, पण सरकारी कागदाशी एका तरी पिढीत जुळवून घ्या.

प्रश्न (मॉरिशसमधील एका मराठी कुटुंबाच्या वतीने, ठाणे) : त्यांचे पूर्वज मुंबई बंदरातून गिरमिटावर (मजुरीच्या करारावर) गेले. कोकणातले गाव शोधता येईल का?

सुरुवात मॉरिशसमध्येच करावी लागेल. भारतीय मजुरांच्या आगमनाची पुस्तके मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. प्रत्येक मजुराला एक क्रमांक होता. त्या नोंदीत नाव, बापाचे नाव, वय, जात, जिल्हा, परगणा आणि गाव असे रकाने येतात. कुटुंबातल्या जुन्या जन्म-विवाहाच्या दाखल्यांवर तो क्रमांक लिहिलेला सापडतो. तो मिळाला की पुढचे सोपे.

गावाचे नाव परक्या कारकुनाने कानाला ऐकू आले तसे लिहिलेले असते. ते मोठ्याने वाचा, मग त्या परगण्यातल्या गावांच्या यादीशी ताडून पाहा. ‘रत्नागिरी’ लिहिले असेल तर आजचा सिंधुदुर्गही डोळ्यांसमोर ठेवा, आणि सावंतवाडी संस्थान वेगळे होते हेही.

गाव ठरले तरी गेलेल्या माणसाचे नाव जमिनीच्या दप्तरात मिळण्याची आशा कमी, कारण तो पैमाशीच्या आधीच निघून गेलेला असतो. शोधायचा तो मागे राहिलेला भाऊ. रत्नागिरीत खोती होती (गावाचा सारा खोत गोळा करून भरे), तेव्हा खोताच्या नावावर थांबू नका. फैसल पत्रक आणि बोटखत मागा, कुळांची नावे त्यांत असतात. मॉरिशसच्या नोंदीतले बापाचे नाव आणि जात, आणि बोटखतातल्या एखाद्या कुळाच्या बापाचे नाव जुळले तर भाऊ असण्याची शक्यता धरता येते. त्या कुळाचा नंबर घेऊन मग खाली, आजच्या सातबाऱ्यापर्यंत या. आज त्यावर ज्यांची नावे आहेत त्यांना पत्र पाठवताना पहिल्याच ओळीत लिहा की जमिनीवर कसलाही हक्क सांगायचा नाही. हे न लिहिलेल्या पत्रांना उत्तरे येत नाहीत.